अर्दियाची दोन मैदानं

कुवेतच्या फरवानिया प्रांतातल्या अर्दियाच्या परिसरात फुटबॉलची दोन मैदानं आहेत. एक जाबेर अल-अहमद आंतरराष्ट्रीय स्टेडियम. तिथे साठ हजार प्रेक्षक बसतात, १८ डिसेंबर २०१५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २००६ मध्ये निधन पावलेल्या अमीर शेख जाबेर यांचं नाव त्याला दिलेलं आहे. दुसरं अली सबाह अल-सालेम स्टेडियम. ते पहिल्याच्या तुलनेत अगदी लहान आणि अल-नस्र या स्थानिक क्लबचं घर आहे. पहिल्याची छायाचित्रं जगभर छापून आली. दुसऱ्याचं नाव आखाताबाहेर फारसं कोणी ऐकलेलं नसतं. नवा हंगाम तोंडावर आला की बोलणं मोठ्या मैदानाकडे वळतं, कारण मोठे सामने आणि मोठे पाहुणे तिथेच येतात. अर्दियाचा खेळाचा इतिहास मात्र मला लहान मैदानात सापडतो. गावचा संघ कशाने गावचा होतो, या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. जिंकल्याने, पैसा ओतल्याने किंवा मातीशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं असल्याने संघ गावचा होत असेल, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अर्दियाच्या संघाकडे यातलं फारसं काही नव्हतं. तो दरवर्षी ठरल्या वेळी त्याच जागी परत येत राहिला आणि त्यातूनच अर्दियाचा झाला. आपण खरीप-रब्बीला जो ‘हंगाम’ हा शब्द वापरतो तोच खेळालाही वापरतो, ते किती नेमकं आहे हे इथे पटतं. एखाद्या वर्षी पीक बुडालं तरी शेतकरी पुढच्या पेरणीला शेतात उतरतो आणि त्या उतरण्यानेच शेत त्याचं राहतं.

हे नीट समजायला १९६१ सालापासून सुरुवात करावी लागते. तोवर कुवेतचा व्यवहार आपल्याच रुपयात चालत होता. मुंबईशी त्याचा मोत्यांचा, खजुराचा, लाकडाचा व्यापार इतका जुना होता की रुपया तिथे परका वाटतच नसे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६१ च्या एप्रिलमध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला. जूनमध्ये ब्रिटिश संरक्षणाचा करार संपून देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी, १९६१-६२ च्या हंगामात, देशाची पहिली फुटबॉल लीग खेळली गेली आणि अल-अरबी क्लबने ती जिंकली. नाणं, स्वातंत्र्य आणि लीग असं एकाच वर्षात आलं. नवं राज्य स्वतःला जे जे घडवून घेत होतं त्यात फुटबॉलचे क्लबही होते. अल-अरबी, कादसिया आणि कुवेत स्पोर्टिंग हे तिन्ही बडे क्लब १९६० चे. त्यानंतर १९६३ ते १९६७ या चारेक वर्षांत शबाब, काझमा, सालमिया, फहाहील, खैतान, तदामुन, यर्मुक, जहरा, साहेल असे एकामागून एक क्लब उभे राहिले. अल-नस्र त्यांच्यातलाच, १९६५ चा. १९७२ मध्ये सुलैबिखात आला आणि चौदांची यादी झाली. कोल्हापूर जिल्ह्याच्या दुपटीहून थोडा मोठा असलेला हा देश, लोकसंख्येनं तर तेव्हा एखाद्या मध्यम शहराएवढा, आणि त्यात चौदा क्लब! तरुणांनी गल्लीत चेंडू लाथाडता लाथाडता एवढे क्लब एवढ्या कमी वेळात उभे राहत नाहीत. त्यामागे सरकारचा हात आणि तेलाचा पैसा होता, हे उघड आहे.

तेलाने शहराचाही नकाशा बदलला. बुरगानला तेल सापडलं १९३८ मध्ये, पहिली बोट भरली १९४६ मध्ये. १९५० च्या सुमारास इंग्रज नगररचनाकारांनी नव्या कुवेतचा आराखडा केला. जुनं गाव मध्यभागी, त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार रिंगरोड, आणि रिंगरोडांच्या मधल्या जागेत एकेक स्वयंपूर्ण वसाहत. प्रत्येक वसाहतीला मशीद, शाळा, दवाखाना, बाग. १९२० मध्ये बांधलेला गावकूस १९५७ मध्ये पाडला गेला आणि भिंतीआडचे लोक या वसाहतींत पांगले. १९६२ मध्ये कैफानला पहिली ग्राहक सहकारी सोसायटी सुरू झाली. आता प्रत्येक वस्तीला अशी सोसायटी आहे. सभासद तिथे खरेदी करतात आणि वर्षाअखेरी त्यांना नफ्याचा वाटा मिळतो. कुवेतमधला मराठी माणूस तिला ‘जमिया’ म्हणतो आणि महिन्याचं सामान तिथूनच आणतो. क्लब हे त्याच साच्यातलं काम. जागा सरकारची, अनुदान सरकारचं, पण सभासदांची सर्वसाधारण सभा भरते आणि संचालक मंडळ निवडणुकीने येतं. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. इथे फक्त ऊस नाही, फुटबॉल आहे, हँडबॉल आहे, पोहणं आहे. कुवेतचा क्लब एका खेळाचा नसतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जो संघ सरकारने आखलेल्या वस्तीत, सरकारने दिलेल्या जागेवर, सरकारी अनुदानाने उभा राहिला त्याला गावचा संघ कसं म्हणायचं? गावचा संघ गावाने घडवलेला असावा, वरून बसवलेला नसावा. हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा आपलं कोल्हापूर असतं. पेठेपेठेतल्या तालमी आणि त्यांचे फुटबॉल संघ: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. आधी मातीतली कुस्ती, मग त्याच पोरांच्या पायात चेंडू. आजही संघाच्या नावात ‘तालीम’ आहे, जणू फुटबॉल हा कुस्तीचाच धाकटा भाऊ. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, पेठेतली पोरं झेंडे घेऊन निघतात आणि कोणाचा मामा कोणत्या संघाकडून खेळला हे तिसऱ्या पिढीलाही पाठ असतं. यापेक्षा मातीतून उगवलेलं काय असू शकतं? पण जरा खोलात जाऊन पाहिलं तर कोल्हापूरच्या मैदानी खेळांच्या मागेही दरबारच उभा दिसतो. राजर्षी शाहूंनी मल्लांना पोसलं, १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, आणि पुढे फुटबॉललाही राजघराण्याचा आधार मिळत राहिला, अगदी आजपर्यंत. आधार वरून आला म्हणून पाटाकडीलचा सामना पाहायला येणाऱ्याचं प्रेम खोटं ठरत नाही. दरबाराने जागा आणि खुराक दिला. पुढची साठ-सत्तर वर्षं दर हंगामाला तिथे येण्याचं काम पेठेने केलं. अर्दियात दरबाराच्या जागी सरकार आहे, एवढाच फरक. आणि अल-नस्रलाही आता साठ वर्षं झाली. साठ वर्षं म्हणजे आजोबा, मुलगा आणि नातू. वस्तीत आठवण मुरायला एवढा काळ पुरतो.

अर्दियाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कोल्हापूरहून निराळी आहे, आणि तिच्याशिवाय या क्लबचं महत्त्व कळणार नाही. कुवेतचे रिंगरोड म्हणजे नुसते रस्ते नाहीत. जुन्या गावातली व्यापारी, खलाशी, मोतीवाली घराणी आतल्या वसाहतींत गेली. वाळवंटातून येऊन वसलेल्या टोळ्यांच्या कुटुंबांना साठ-सत्तरच्या दशकांत बाहेरच्या भागांत सरकारी घरं मिळाली. आतल्यांना हदर म्हणायचं, बाहेरच्यांना बदू. हा भेद घरंदाजीत आहे, लग्नसंबंधांत आहे, मतदारसंघांत आहे आणि फुटबॉलच्या तक्त्यातही आहे. कुवेत स्पोर्टिंग कैफानचा, अल-अरबी मन्सूरियाचा, काझमा आदैलियाचा, कादसिया हवल्लीचा. हे सगळे आतल्या बाजूचे. अर्दियाचा नस्र, फरवानियाचा तदामुन, जहरा, सुलैबिखात हे बाहेरचे. आता लीगच्या विजेत्यांची यादी डोळ्यांखालून घाला. अरबी, कादसिया आणि कुवेत स्पोर्टिंग या तिघांच्याच घरी बहुतेक सगळी विजेतेपदं आहेत, आणि उरलेल्यांतली चार-चार काझमा आणि समुद्राकाठच्या सालमियाकडे. बाहेरच्या क्लबांच्या वाट्याला साठ वर्षांत आलेलं विजेतेपद एकच: १९८९-९० चं, जहराचं. त्या उन्हाळ्यात, २ ऑगस्ट १९९० ला, इराकी फौजा आत शिरल्या. पुढचा हंगाम झालाच नाही. ज्या एका वर्षी बाहेरच्या गावाने लीग जिंकली त्याच वर्षी त्याला मुकुट सांभाळायची संधीच मिळू नये, हे आजही मनाला लागतं.

म्हणून अल-नस्रने वरच्या लीगचं विजेतेपद कधीच जिंकलेलं नाही, ही गोष्ट मी क्लबच्या उणिवेच्या खात्यात मांडत नाही. नकाशानेच ते विजेतेपद अर्दियापासून दूर ठेवलं. पण इथे दुसरा आक्षेप तयारच असतो: जो कधी जिंकत नाही त्याच्या मागे कोणी का जावं? अर्दियातही कादसियाचा पिवळा आणि अरबीचा हिरवा रंग मिरवणारी घरं असणारच, जशी सांगलीत राहून मुंबई इंडियन्सवर जीव टाकणारी असतात. हे मान्य. पण मोठ्या क्लबचा चाहता असणं आणि घरच्या क्लबचा असणं ही दोन वेगळी नाती आहेत. मोठा क्लब निवडता येतो. घरचा क्लब पत्त्याबरोबर येतो. मोठ्या क्लबच्या चाहत्यालाही थांबावं लागतं: पहिली लीग जिंकणाऱ्या अल-अरबीला २००१-०२ नंतर पुढची लीग थेट २०२०-२१ मध्ये मिळाली. या एकोणीस वर्षांत अरबीचा चाहता ज्या आशेवर जगला ती मागच्या विजयांची होती. नस्रच्या चाहत्याकडे मागचा विजय नाहीच. त्याची आशा पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकावर उभी असते. वरच्या गटात टिकणं, एखाद्या शुक्रवारी कुवेत स्पोर्टिंगला बरोबरीत रोखणं, चषकात एक फेरी पुढे जाणं, ही त्याची उद्दिष्टं. ती लहान आहेत, पण त्यांच्यासाठी मैदानावर जावं लागतं. आणि मधली काही वर्षं तर ही उद्दिष्टंही काढून घेतली गेली होती. २०१३-१४ पासून चार हंगाम सगळे क्लब एकाच लीगमध्ये खेळले, कोणी खाली घसरत नव्हतं, कोणी वर चढत नव्हतं. २०१७-१८ मध्ये आठ संघांचा वरचा गट पुन्हा झाला आणि नस्र त्यात होता. माझ्या मते त्या हंगामात अर्दियाच्या संघाला खरा श्वास परत मिळाला. घसरण्याची भीती काढून टाकली की लहान क्लबच्या सामन्याला कारणच उरत नाही.

लहान क्लबांनी राष्ट्राला काय दिलं, हे विचारायचं तर १९८२ कडे पाहावं. त्या वर्षी कुवेतचा संघ स्पेनमधल्या विश्वचषकात खेळला. त्याआधी १९८० चा आशियाई चषक त्याने आपल्याच देशात दक्षिण कोरियाला ३-० हरवून जिंकला होता. ब्राझीलचा झगालो आणि त्याच्यानंतर पर्रेरा असे प्रशिक्षक त्याला लाभले होते. पण खेळाडू? सगळेच्या सगळे घरच्या क्लबांतले. जासेम याकूब आणि फैसल अल-दखील कादसियाचे, साद अल-हौती कुवेत स्पोर्टिंगचा, आणि आघाडीवरचा फतही कमील फरवानियाच्या तदामुनचा, म्हणजे अर्दियाच्या शेजारच्या, तिच्यासारख्याच बाहेरच्या क्लबचा. चेकोस्लोव्हाकियाशी १-१ बरोबरी झाली. फ्रान्सविरुद्धचा वायादोलिदचा सामना जगाच्या लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणाने. प्रेक्षकांतून शिट्टी ऐकू आली, पंचांनीच वाजवली असं वाटून कुवेतचे खेळाडू जागच्या जागी थांबले, आणि जिरेसने चेंडू जाळ्यात मारला. फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शेख फहद अल-अहमद प्रेक्षागृहातून उठून मैदानात उतरले, वाद झाला आणि सोव्हिएत पंच स्तुपार यांनी गोल रद्द केला. फ्रान्सने सामना तरीही ४-१ जिंकला. हेच शेख फहद आठ वर्षांनी, आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी, दसमान राजवाड्यापाशी मारले गेले. वायादोलिदच्या त्या प्रसंगाकडे लोक गमतीने पाहतात. मला त्यात दुसरंच दिसतं. ती माणसं एका छोट्या देशाच्या रिंगरोडांवरच्या मैदानांतून आली होती. तिथे पंचाची शिट्टी वाजली की थांबायचं असतं, आणि ती थांबली.

आता मोठ्या मैदानाकडे वळतो. जाबेर स्टेडियमच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. ते म्हणतील, अर्दियाला जगाच्या नकाशावर आणलं ते या स्टेडियमने. पण त्याची पहिली दोन वर्षं पाहा. १६ ऑक्टोबर २०१५ ला फिफाने कुवेतला निलंबित केलं. नव्या क्रीडा कायद्यामुळे संघटनेच्या कारभारात सरकार हस्तक्षेप करतं, हे कारण. दोन महिन्यांनी स्टेडियमचं थाटात उद्घाटन झालं. राष्ट्रीय संघासाठी साठ हजार खुर्च्या तयार होत्या आणि राष्ट्रीय संघाला अधिकृत सामना खेळायची परवानगी नव्हती. विश्वचषक पात्रता फेरीतले उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल झाले. कादसिया आणि कुवेत स्पोर्टिंग एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचले होते, त्यांनाही तिथेच थांबावं लागलं. या सगळ्या काळात देशातली लीग मात्र चालू राहिली. अर्दियात सामना होतच होता, जहरात होत होता, फरवानियात होत होता. जगाने दार लावून घेतलं तेव्हा कुवेतचं फुटबॉल जिवंत ठेवलं ते या लहान मैदानांनी. ६ डिसेंबर २०१७ ला बंदी उठली आणि सोळा दिवसांनी, २२ डिसेंबरला, कतारहून हलवलेली गल्फ कप स्पर्धा याच जाबेर स्टेडियममध्ये सुरू झाली. सोळा दिवसांत एवढी स्पर्धा भरवता आली याचं कौतुक स्टेडियमचं झालं. पण सोळा दिवसांत संघ उभा करता आला, कारण खेळाडू दोन वर्षं दर आठवड्याला आपापल्या क्लबसाठी खेळत होते, याची चर्चा झाली नाही.

मोठं मैदान काय देऊ शकतं याचा सर्वात सुंदर दाखला भारतीयांसाठी १६ नोव्हेंबर २०२३ चा आहे. विश्वचषक पात्रतेचा सामना, कुवेत विरुद्ध भारत. प्रेक्षकांत निळ्या जर्सीतले हजारो भारतीय. मजूर, इंजिनिअर, नर्सेस, चालक. कामावरून थेट आलेले, कोणी मुलं खांद्यावर घेतलेले. सामना पाऊण तास उलटून गेला तरी गोलशून्य. मग ७५ व्या मिनिटाला डावीकडून लालियानझुआला छांगटेने चेंडू आत ढकलला, मनवीर सिंगने तो पेटीच्या कडेला घेतला आणि डाव्या पायाने मारला. भारत १-०. परदेशात असा विजय आपल्याला क्वचितच मिळतो, आणि तो अर्दियात मिळाला. पुढच्या जूनमध्ये कोलकात्यात याच कुवेतशी ०-० बरोबरी झाली, सुनील छेत्रीचा तो तेव्हा ठरलेला निरोपाचा सामना. असा एक संध्याकाळभराचा आनंद लहान मैदान देऊ शकत नाही, हे मी आनंदाने कबूल करतो. पण त्या रात्रीनंतर ते हजारो भारतीय अर्दियाच्या त्या मैदानाकडे पुन्हा कधी जाणार होते? २०२४ च्या डिसेंबरात गल्फ कप पुन्हा तिथे आला, बहरीनने अंतिम सामन्यात ओमानला २-१ हरवलं. २०२६ च्या जानेवारीत पॅरिस आणि मार्सेय हे दोन फ्रेंच क्लब आपला सुपर कप खेळायला तिथे आले. पॅरिस आणि मार्सेय! या दोन शहरांचं वैर हे फ्रान्समधल्या गावच्या संघांच्या भांडणातलं सर्वात कडवं. ते भांडण हजारो मैलांवर अर्दियात आणून एक रात्र दाखवलं आणि परत नेलं. मैदान भाड्याने देता येतं. भांडण मात्र ज्याच्या गावचं त्याच्याच गावी राहतं.

पैशाने आणि विजयाने गावचा संघ होत नाही, हे सांगायला आपल्याकडचा दाखला पुरेसा आहे. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ १९६२ पासूनचा. मागे बलाढ्य कंपनी, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेली, चांगले प्रशिक्षक, चांगले पगार. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि तो संपला. खेळाडू दुसरीकडे गेले. मुंबईतली एकही वस्ती आपला संघ गेला म्हणून रस्त्यावर आली नाही, कारण तो वस्तीचा नव्हताच, कारखान्याच्या नावाचा होता. कोल्हापुरात बालगोपाल किंवा खंडोबा बंद करायचा विचार कोणी बोलून तरी दाखवेल का? अल-नस्रच्या बाबतीत हीच कसोटी लावली तर क्लब बंद करायला सरकारलाही सोपं जाणार नाही. सभासद आहेत, निवडणूक आहे, आणि त्याहून महत्त्वाचं, दिवानिया आहेत. दिवानिया म्हणजे कुवेती घराची पुरुषांची बैठकीची खोली. संध्याकाळी चहा-कॉफीवर गावगप्पा तिथेच चालतात. आपल्याकडचा कट्टा घरात आणून ठेवला आणि त्याला गालिचा घातला तर जे होईल ते. पेनल्टी द्यायला हवी होती की नाही, याचा निकाल पंचाने दिला तरी अंतिम सुनावणी दिवानियात होते. तिथे ज्या संघाचं नाव रोज निघतं त्याला मोडून टाकणं अवघड असतं.

सर्वात अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कुवेतच्या लोकसंख्येत नागरिक अल्पसंख्य आहेत. एकट्या भारतीयांची संख्या दहा लाखांच्या घरात. अर्दियाच्या गॅरेजांत, गोदामांत, किराणा दुकानांत काम करणारे, फरवानियाच्या इमारतींत दाटीने राहणारे लोक तिथे अक्षरशः दशकं काढतात. त्यांना क्लबच्या निवडणुकीत मत नाही, दिवानियात बैठक नाही. मग अल-नस्र कोणाच्या गावचा? मी जो निकष मांडला, दरवर्षी परत येण्याचा, तो या माणसांना लावला तर ते कोणत्याही सभासदाइतकेच अर्दियाचे ठरतात. सांगलीहून आलेल्या आणि वीस वर्षं फरवानियात राहिलेल्या माणसाने वीस हंगाम पाहिलेले आहेत. पण त्याचा मन लावून पाहिलेला सामना बहुधा मोबाइलवर असतो, आणि तो शाहू स्टेडियमचा किंवा वानखेडेचा असतो. गोव्यातून गेलेल्यांनी यावर आपला मार्ग काढला. सासष्टीतल्या गावांच्या नावाने संघ काढून ते कुवेतमध्ये आपापसांत फुटबॉल खेळतात. गाव बरोबर नेता येत नाही म्हणून गावाचं नाव जर्सीवर नेलं. मला याचं फार कौतुक वाटतं, आणि खंतही वाटते. एकाच वाळवंटात, काही मैलांच्या अंतरात, दोन प्रकारचे गावचे संघ खेळतात आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. कुवेतमध्येच जन्मलेलं, अर्दियाजवळच्या भारतीय शाळेत शिकलेलं मूल कोणत्या संघाला माझा संघ म्हणेल? आईवडिलांचा गाव त्याने सुट्टीत पाहिलेला असतो. अर्दिया त्याने रोज पाहिलेली असते. माझ्या निकषाप्रमाणे उत्तर अर्दिया हेच आहे, पण त्या मुलाला ते म्हणता येईल अशी सोय कोणी केलेली नाही.

नवा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होईल. कुवेतच्या उन्हाळ्याबद्दल एवढंच सांगतो की २१ जुलै २०१६ ला तिथल्या मित्रिबा केंद्रावर ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्या उन्हात दिवसा चेंडू मारणं शक्यच नाही, म्हणून सामने सूर्य मावळल्यानंतरच होतात. कुवेत स्पोर्टिंगने २०२१-२२ पासून सलग चार वर्षं लीग जिंकून वीस विजेतेपदं पूर्ण केली. वर्तमानपत्रांची पहिली बातमी त्यांची असेल, आणि ती असायलाही हरकत नाही. मला पाहायचं आहे ते अल-नस्रच्या घरच्या पहिल्या सामन्याला पायऱ्यांवर किती जण बसतात. गर्द लाल रंगाची जर्सी घातलेला एखादा आजोबा नातवाला घेऊन येतो का. अर्दियात गोदामावर काम करणारे आपले चार जण, सामना चालू आहे म्हणून, कामावरून घरी जाता जाता आत डोकावतात का. तिकडे मोठ्या स्टेडियमचं छप्पर त्या संध्याकाळी बहुधा काळोखातच असेल. अली सबाह अल-सालेमचे दिवे मात्र लागलेले असतील.